चिमणीच्या दारातून इंग्रजीकडे

१८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. बरोबर त्यांची मुलगी मेरी होती आणि घरची आया ॲना लिबेराता डिसूझा. मुक्कामाच्या फावल्या वेळात ॲना मेरीला गोष्टी सांगायची. लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेल्या त्या गोष्टी ती सांगत होती इंग्रजीतून. मेरीने त्या लिहून काढल्या आणि १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. इंग्रजी काही ॲनाची मायबोली नव्हती. पण राजा, राणी, राक्षस, सात बहिणी सगळे तिच्या ओळखीचे होते. पुढे काय घडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे तिला धडपडायचं होतं ते फक्त भाषेशी.

परीकथांतून इंग्रजी शिकवण्याचं सगळं मर्म मला या दौऱ्यात दिसतं. आणि आपण शाळेत नेमकं उलटं करतो. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय योग्य होता, असं माझं मत आहे. पण सहा वर्षांच्या मुलासमोर आपण भाषाही परकी ठेवतो आणि मजकूरही परका. शब्दांच्या याद्या, त्यांचे अर्थ, स्पेलिंग पाच पाच वेळा. अर्थ शोधण्यातच मूल दमून जातं, भाषेचा नाद कानात शिरायला जागाच उरत नाही. भाषा ग्रहण होते ती कळणारं ऐकल्या-वाचल्याने, असं भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन १९८० च्या दशकात मांडत होते. कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट.

म्हणून सुरुवात सिंड्रेलापासून नको, चिमणी-कावळ्यापासून व्हावी. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, मेणाचं राहिलं, कावळा चिमणीच्या दारात भिजत उभा आहे, हे प्रत्येक मराठी घरातल्या मुलाला ठाऊक असतं. आता ही गोष्ट बाईंनी इंग्रजीत सांगावी. कावळा दार ठोठावतो, चिमणी आतून थांबायला सांगते. ती बाळाला आंघोळ घालते आहे, पुसते आहे, काजळ लावते आहे. दर वेळी वाक्याचा सांगाडा तोच, क्रियापद तेवढं बदलतं. चालू वर्तमानकाळ फळ्यावर आखून शिकवायला आठवडे जातात. इथे चिमणीची चौथी सबब येईपर्यंत वर्ग बाईंच्या आधी बोलायला लागतो. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर, जिथे घरी भिली किंवा पावरी बोलतात, तिथे मराठीसुद्धा शाळेतच भेटलेली भाषा असते. तिथे चिमणी-कावळ्याचाही हट्ट धरू नये. मुलांच्या आज्या जी गोष्ट सांगतात ती घ्यावी.

त्यानंतर परदेशी परीकथा खुशाल याव्यात, यायलाच हव्यात. तीन अस्वलांची गोष्ट पाहा. रॉबर्ट साउदीने ती १८३७ मध्ये छापली तेव्हा अस्वलांच्या घरात शिरणारी सोनेरी केसांची मुलगी नव्हती, एक म्हातारी होती. साउदीच्या छापील गोष्टीत मोठ्या अस्वलाचं बोलणं मोठ्या ठशात होतं, पिल्लाचं अगदी बारीक ठशात. म्हणजे ती आवाज बदलून, मोठ्याने वाचण्यासाठीच होती. अस्वलं घरी येतात. लापशीचा वाडगा कुणीतरी उष्टावलाय, खुर्ची विस्कटलीय, अंथरूण चुरगळलंय. काम आधी होऊन गेलं आहे, खूण आत्ता समोर आहे. इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे नेमकं हेच, आणि आठवी-नववीची मुलं तो रिकाम्या जागा भरत चुकत राहतात. दुसरीच्या मुलाने तो तीन अस्वलांच्या तीन आवाजांत म्हटला, तर पुढे व्याकरणाच्या तासाला त्याला नियमाचं फक्त नाव कळायचं बाकी राहील.

शिक्षकांची बाजूही बोलली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत एकच गुरुजी दोन-तीन इयत्ता सांभाळतात. स्वतः मराठी माध्यमात शिकलेल्या या माणसाकडून दिवसभर अस्खलित इंग्रजी बोलण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे. पण पंधरा-वीस वाक्यांची एक गोष्ट कोणताही शिक्षक घोटून घेऊ शकतो. ती सांगताना तो अडखळत नाही, मुलांच्या डोळ्यांत बघून बोलतो. आपले गुरुजी इंग्रजी बोलतात, हे मुलांना प्रथमच दिसतं. महागडं डिजिटल साहित्य हे काम करू शकणार नाही.

सगळ्याच परीकथा मी वर्गात नेणार नाही. गोऱ्या रंगालाच सौंदर्य मानणाऱ्या समाजात स्नो व्हाइट लहान मुलांना इतक्या लवकर सांगू नये, असं मला ठामपणे वाटतं. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातल्या कित्येक कथा क्रूर आहेत, त्यांतूनही निवड करावी लागेल. निवड ही शिक्षकाची जबाबदारी आहे आणि तेवढा विश्वास त्याच्यावर टाकायला हवा.

गोष्टीचा खरा घात होतो तो ती संपल्यावर. ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न येतो, मग प्रश्नोत्तरं, मग शब्दार्थ वहीत. प्रत्येक वाक्यामागे मराठी भाषांतर सांगितलं की मुलं इंग्रजी ऐकणंच सोडून देतात आणि मराठीची वाट बघतात. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्गात गोष्ट सांगतो आणि तिच्यावर परीक्षा घेत नाही. दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचा तो विचार महाराष्ट्रात रुजवला. इंग्रजीच्या तासापर्यंत मात्र तो अजून पोचलेला नाही.

म्हणून पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या प्रत्येक बाईंना आणि गुरुजींना माझी विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा मुलांना माहीत असलेली एकच गोष्ट निवडा, ती सोप्या इंग्रजीत बसवा आणि आठवडाभर रोज सांगा. हातवारे करा, आवाज बदला, मुलांना मध्येच बोलू द्या, चुकू द्या. आणि गोष्ट संपली की कृपया एकही प्रश्न विचारू नका.