साधंसुधं

फुकट मिळणाऱ्या सल्ल्यांत सगळ्यांत स्वस्त सल्ला कुठला असेल, तर तो 'साधं ठेवा' हा. राहणी साधी ठेवा, बोलणं साधं ठेवा, जेवण साधं ठेवा. डॉक्टर हे सांगतात, मामा सांगतात, कीर्तनकार सांगतात आणि लग्नाच्या पंगतीत तिसरी जिलबी उचलता उचलता शेजारचे गृहस्थही सांगतात. माझा अनुभव असा, की एखादं काम अगदी साधं आहे हे नेहमी ज्याला ते करायचं नसतं त्यालाच आधी कळतं.

मी बी.कॉम. झालेला माणूस. तत्त्वज्ञान आम्हाला अभ्यासाला नव्हतं, घसारा होता. तरीही बँकेत वीस वर्षं कारकुनी केल्यावर मला एक तात्त्विक प्रश्न पडू लागला आहे. साधेपणा हा खरंच नेहमी सद्गुण असतो का? की तोही उधारीवर मिळतो आणि बिल मात्र दुसऱ्याच कुणाच्या नावावर फाडलं जातं?

आता घरचंच बघा. रविवारी संध्याकाळी आमची ही म्हणते, "आज साधंच करते हं, वरणभात." मी मोठ्या मनाने "चालेल की!" म्हणतो आणि पेपर उघडतो. एकदा बसल्या बसल्या मी या साध्या वरणभाताचा ताळेबंद मांडला. डाळ शिजवा, घोटा, हिंग-हळद घाला, गुळाचा खडा टाका. भात मोकळाही हवा आणि मऊही हवा. आणि वर साजूक तूप! ते तूप म्हणजे आठ दिवस साठवलेली साय, तिला लावलेलं विरजण, घुसळून काढलेलं लोणी आणि करपू न देता केलेली कढवणी. माझ्या ताटात दहा मिनिटांत संपलेला साधेपणा ओट्यापाशी आठ दिवस चालू होता! जेवण साधं होतं ते माझ्या बाजूने.

आमच्या धंद्याचा तर पायाच मुळी साधेपणाच्या विरोधात घातलेला. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा. ही दुहेरी नोंदीची पद्धत इटलीतल्या लुका पाचोलीने 1494 साली छापील पुस्तकात मांडली. हा पाचोली संन्यासी होता. सगळ्या संसारावर पाणी सोडलेल्या माणसाने जगाला जमाखर्च शिकवावा, हाही एक दैवाचा विनोदच. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. एकदाच लिहिलं की काम सुटसुटीत होतं खरं, पण आकडा चुकला तर ओरडायला कुणी नसतं. दोनदा लिहिलं, की एका घरातल्या दोन जावांसारख्या दोन्ही बाजू एकमेकींवर डोळा ठेवून असतात.

चेकचंही तेच. रक्कम आकड्यात लिहिली, तरी पुन्हा अक्षरात लिहायची आणि शेवटी 'फक्त' म्हणायचं. पाच लाखांनाही फक्त! 1881 सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट सांगतो, की दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरायची. का? तर आकडा फार साधा असतो. त्याच्या शेजारी एक शून्य बसवायला अर्धा सेकंद पुरतो. 'पाच हजार'चं 'पन्नास हजार' करायला मात्र कारागिरी लागते. म्हणजे अक्षरं लिहिण्याचा हा ताप दिसायला तुम्हाला असला, तरी मूळात तो चोरासाठी ठेवलेला आहे.

"पण आता मोबाइलवर सगळं किती साधं झालंय," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. 2016 साली यूपीआय आलं आणि कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही चुटकीसरशी जाऊ लागले. पण त्या चुटकीत तुमची बँक, भाजीवालीची बँक आणि दोघींचे निरोप पोचवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन एवढ्या सगळ्यांची धावपळ चालते. गुंता गेला नाही, नुसता पडद्यामागे गेला. आपल्या वाट्याला उरला तो पिन. तर लोक म्हणतात, तोही काढा! आणि फोनवरच्या गोड आवाजाने "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हटलं, की तोच पिन भाबडेपणाने टाकून मोकळे होतात. पिन टाकल्याने पैसे जातात हो, येत नाहीत. एवढी एकच अडचण मध्ये आडवी उभी होती.

इथवर गमतीची गोष्ट झाली. पण एक गोष्ट मला गमतीत नेता येत नाही.

आमच्या शाखेत एक नाकासमोर चालणारे गृहस्थ यायचे. दोन शर्ट, एक सायकल, तोंडात कधी वाकडा शब्द नाही. सगळ्या मुदत ठेवी एकट्याच्या नावावर. "काका, नॉमिनेशन तरी करा," म्हटलं की हसायचे. "कशाला घोळ? मी आहे, ही आहे. आमचं सगळं साधं आहे."

काका गेले. मग काकू येऊ लागल्या, कापडी पिशवीत तो साधेपणा भरून. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, हमीपत्र, परदेशातल्या मुलाची सही. ती आली, तर तारीख राहिलेली. उभ्या जन्मात ज्यांनी बँकेचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्या सत्तरीत बाकावर बसून आपल्याच पैशांची वाट बघत होत्या. एकदा मला म्हणाल्या, "त्यांना ना, कसलाच त्रास नको असायचा." स्वरात तक्रार नव्हती, कौतुकच होतं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. काकांनी त्रास टाकून दिला नव्हता, बायकोच्या खात्यावर वर्ग केला होता. ठेवींना नॉमिनी नव्हता. त्रासाला मात्र होता.

1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात. त्यातही मेख आहेच. बँकेकडून पैसे घेणारा तो नॉमिनी, पण पैशाचे मालक ठरतात ते वारस. म्हणजे घोळ आहेच. पण तो आपण धडधाकट असताना एका सहीने निस्तरायचा, की आपल्यामागे कुणी बाकावर बसून, एवढाच काय तो निवडीचा भाग.

यावरून मी गुंतागुंतीचं वकीलपत्र घेतलं असं मात्र समजू नका. एकाच फॉर्मवर तोच पत्ता तीन ठिकाणी लिहायला लावणं हा काही धर्म नव्हे. तिथे ताप गिऱ्हाइकाला आणि सोय आमची. आपल्याकडे लहानपणीच सुरगाठ आणि निरगाठ शिकवतात. पुडीला सुरगाठ, बोज्याला निरगाठ. गाठ दिसली की ओढण्याआधी एवढंच विचारावं, की ही कुणाला धरून आहे? कुणालाच नसेल तर खुशाल सोडा. एखाद्या काकूंना धरून असेल, तर राहू द्या. आणि साधेपणाची फारच हौस असेल, तर गुंता आपण सोडवून पुढच्याच्या हातात सरळ दोरा द्यावा. वरणभात वाढणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या काउंटरवर सुतळीने बांधलेलं एक पेन आहे. सही करताना सुतळी आडवी येते आणि गिऱ्हाइकं वैतागतात. "अहो, ही दोरी कशाला? साधं पेन ठेवा की!"

साधं पेनही आम्ही ठेवून पाहिलंय. ते फारच साधं होतं. कुणाहीबरोबर गेलं.