बहुरूपी आणि तोतया

नक्कल या शब्दावर आपण थोडा अन्यायच केला आहे. पहिलीतल्या मुलाने कित्ता गिरवला की आपण त्याची पाठ थोपटतो. तोच मुलगा दहावीत शेजाऱ्याच्या पेपरातले उतरवू लागला की त्याला वर्गाबाहेर काढतो. क्रिया एकच, पण एकदा ती विद्या ठरते आणि एकदा चोरी. मी पेशाने मास्तर. दोन्हींशी माझा रोजचा संबंध. पण त्यांच्यामधली रेघ नेमकी कुठे ओढावी, याचा विचार करायला मला एका विद्यार्थ्याने लावले.

मुलगा बदलापूरचा. त्याच्या वडिलांचा लहानपणचा व्हिडिओ गेम, कॅसेटींसकट, २६ जुलै २००५ च्या पुरात गेला. मुलाने पत्त्याच्या पानाएवढा, रास्पबेरी पाय नावाचा स्वस्त संगणक मिळवला, तो टीव्हीला जोडला, आणि वडिलांचा मारिओ पुन्हा उड्या मारू लागला. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी मला विचारतो, "सर, ही चोरी झाली का हो?"

हा संगणक २०१२ साली इंग्लंडात निघाला, तो मुलांना संगणकविद्या हाताळून शिकता यावी म्हणून. जुन्या खेळाची भाषा त्याला मुळात येत नाही. त्यासाठी त्यात एक आज्ञावली घालतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे १९८३ चे यंत्र जशी उत्तरे देई, तशीच उत्तरे ही आज्ञावली खेळाला देते. खेळ बिचारा समजतो, आपण आपल्या जुन्याच घरी आहोत.

हे सोंगच. पण वाचकहो, सोंगासोंगांत फरक असतो. गावात बहुरूपी येई, पोलिसाचा पोशाख करून ओसरीवर दरडावी. घरची माणसे हसत आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य घालीत. उलट, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन एक तोतया उभा राहिला. त्याच्यामागे फौज जमली, आणि अखेर १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. एकाचे सोंग साऱ्यांना ठाऊक असते. दुसऱ्याचे पोट ते ठाऊक नसण्यावरच भरते.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरची थट्टा सर्वांना माहीत आहे. मालावर 'यू.एस.ए.' असा शिक्का दिसला की लोक त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावीत. फाळणीत घरदार गमावून लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या माणसांनी, १९४९ साली नाव मिळालेले हे शहर हिमतीने उभे केले. त्या कसबी हातांना मी दोष देणार नाही. दोष असलाच तर तो खोट्या शिक्क्याचा.

आणि गंमत अशी, की १९९० नंतर आपल्या बाजारात घरोघर गेलेली ती खेळयंत्रेही बहुतेक निन्टेन्डोची नक्कलच होती. कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. खेळायला बसावे तर तेच मूठभर खेळ फिरून फिरून येत. म्हणजे पुराने वाहून नेला तो तोतया, आणि मुलाने घरी आणला तो बहुरूपी!

पण एवढ्याने मुलगा सुटत नाही. यंत्राचे सोंग ही एक गोष्ट, आणि खेळाची प्रत ही दुसरी. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा रीतसर प्रत बाळगणाऱ्याला जपणुकीपुरती नक्कल काढू देतो. कुणी फुकट वाटलेली उचलू देत नाही. मारिओ तर कंपनी आजही पैसे घेऊन खेळू देते. किंमत देण्याची वाट उघडी असताना फुकट घेणे, याला जतन म्हणता येणार नाही.

जतन कशाला म्हणावे, ते अंबरनाथने दाखवले आहे. तिथले शिवमंदिर १०६० सालचे. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी त्याच्या झिजत्या शिल्पांची रेखाचित्रे आणि प्लास्टरचे ठसे घेतले. त्याने देवळाचे काही उणे झाले नाही, आणि ठशानेही आपण देऊळ असल्याचा आव आणला नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या दर १०० खेळांपैकी ८७ आज बाजारात मिळतच नाहीत, असे २०२३ च्या एका पाहणीत आढळले. त्यांचे ठसे कुणीतरी घ्यायलाच हवेत. कायदा तिथेही सहसा सूट देत नाही. तरी अशा खेळाचा बाजार न मांडता, कर्त्याचे नाव न पुसता जो तो जपून ठेवतो, त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी मुलाला एवढे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण सर, बाबांनी तेव्हा पैसे दिले होते ना?"

दिले होते खरे. आणि तेही पोटाला चिमटा घेऊन. फक्त ज्याचा खेळ, त्याच्या हाती ते पडले नाहीत. फसले वडील, आणि बुडाला तो खेळ रचणारा. अशा वेळी देणे कुणाकडे लागते? वडिलांचे कर्ज मुलाने फेडावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आणि हे कर्ज तर थोड्या रुपयांचेच आहे.