हाताचा गुण

रात्री दवाखान्याचं शटर ओढण्याआधी केसपेपर चाळले, की एकच ओळ पुन्हा पुन्हा भेटते : अझिथ्रोमायसिन ५००, रोज एक, तीन दिवस.

यातले बहुतेक खोकले विषाणूंचे होते, विषाणूवर ही गोळी चालत नाही, हे लिहिताना ठाऊक होतं. तरी लिहिलं. पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल, ही भीती. चार दिवसांनी तो बरा होऊन यायचा, ‘डॉक्टर, तुमच्या हाताला गुण आहे’ म्हणायचा. मी हसायचो. ‘खोकला आपसूकच गेला असता’, हे एकदाही म्हटलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो. पण पुढे वाचनात आलं, की हे औषध फक्त जंतू अडवत नाही. ते पांढऱ्या पेशींच्या आत साठतं आणि त्यांतल्याच न्यूट्रोफिल पेशींना सुजेच्या जागी बोलावणारे रासायनिक निरोप कमी करतं. जपानमध्ये १९८०च्या दशकात डॉ. शोजी कुदोह यांनी पॅनब्रॉन्किओलायटिस या फुप्फुसाच्या जीवघेण्या आजारात याच कुळातलं एरिथ्रोमायसिन अल्प मात्रेत, महिनोन् महिने दिलं. कफात जंतू तसेच असूनही रुग्ण सुधारले.

वाचून मला हायसं वाटलं. त्याचीच आज लाज वाटते. ‘जंतू नसले तरी सूज उतरेल’, असं म्हणत मी त्या ज्ञानाचं पांघरूण केलं. कुदोहांनी एक आजार नेमका ओळखून औषध दिलं होतं. मी गर्दीच्या वेळी घशात नीट बॅटरीही मारली नव्हती.

पेशींना आवरणं हा नेहमी उपकार नसतो, हेही सोयीस्करपणे विसरलो. रक्ताच्या कर्करोगात दात्याच्या मूळपेशी दिलेल्या रुग्णांना फुप्फुसाची गुंतागुंत टळावी म्हणून अझिथ्रोमायसिनच दीर्घकाळ दिलं, तेव्हा कर्करोग उलटण्याचं प्रमाण वाढलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तसा इशारा दिला. कारण अजून उलगडलेलं नाही. माझे तीन दिवस म्हणजे ते नव्हे, मान्य. पण माझ्या गोळीनं कोणाच्या पेशींना काय सांगितलं, हे मी कधी विचारलंच नाही.

गोळी लिहायला दहा सेकंद लागतात, न लिहिण्याचं कारण सांगायला पाच मिनिटं. मी दरवेळी दहा सेकंद निवडले.

उद्या कोणी हाताचा गुण काढला, तर ‘गुण तुमच्या पेशींचा’ असं सांगायचं आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. जीभ अडखळली.