राबणारे आणि खोळंबलेले

“एवढा काथ्याकूट कशाला? एकदा सगळे बंद करा आणि पुन्हा सुरू करा,” हे वाक्य ज्या निश्चिंतपणे उच्चारले जाते, त्या निश्चिंतपणाचाच मला अलीकडे उपद्रव होऊ लागला आहे. ते मला ऐकवणारे गृहस्थ अनभिज्ञ म्हणून सोडून देण्याजोगे नव्हते; तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत त्यांची उभी हयात गेली, आणि यंत्रांविषयी ते बोलू लागले म्हणजे एरवी मी मुकाट्याने ऐकून घेतो. पण त्या दिवशी विषय निघाला होता माझ्या व्यवसायाचा: एका संशोधनसंस्थेच्या ज्या संगणकसमूहाची, म्हणजे क्लस्टरची, देखभाल माझ्याकडे आहे, त्याची फाइलव्यवस्था अकस्मात मंदावली होती, आणि तरीही बंद असे त्यात काहीच पडलेले नव्हते.

महासंगणक म्हणजे अनेक संगणकांना एकाच कामास जुंपणे, हे पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला तेव्हापासून मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. त्याच शहरातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ कार्यान्वित झाला, तेव्हाही त्याच्या गणनवेगाचे कौतुक वृत्तपत्रांतून पुष्कळ झाले. मात्र हे सहस्रावधी प्रोसेसर वाचतात कोठून आणि लिहितात कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या अनुभवात तर निम्म्याहून अधिक दुखणी तेथेच उद्भवतात.

आमच्याकडे आहे ती ‘लस्टर’ नावाची समांतर फाइलव्यवस्था; पीटर ब्राम यांनी १९९९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात तिचा आरंभ केला, आणि आज जगातील अनेक अग्रगण्य महासंगणकांची भिस्त तिच्यावर आहे. तिची रचना ध्यानी यावयास तलाठ्याची कचेरी आठवावी: जमीन शिवारभर पसरलेली, पण ती कोणाची आणि तिची हद्द कोठवर, याची नोंद मात्र एका दफ्तरात. फाइलीतील मजकुराचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरांवर ठेवलेले असतात, म्हणूनच तो अनेकांना एकाच वेळी आणि वेगाने वाचता येतो. फाइलीचे नाव काय, कोणता तुकडा कोठे आहे, कोणास वाचण्याची मुभा आहे, हे सांगणारा मेटाडेटा सर्व्हर निराळा. शिवाय दोघांनी एकाच जागी एकाच वेळी फेरफार करू नयेत म्हणून कुलपांचा बंदोबस्त आहे. ज्याला फेरफार करावयाचा त्याने कुलूप मागून घ्यावे, आणि दुसऱ्याकडून मागणी आली, की हातातले काम उरकून ते परत करावे.

तर या मेटाडेटा सर्व्हरावरील ‘लोड’ नावाचा आकडा भलताच चढला होता, आणि तो पाहून पुष्कळांनी निदान करून टाकले की सर्व्हर कामाखाली दबला आहे, आणखी मोठा विकत घ्यावा. राबणारा आणि खोळंबलेला यांतील भेद मला येथे मांडणे भाग आहे, कारण लिनक्सचा तो आकडा दोघांची मोजदाद एकत्रच करतो: प्रोसेसरावर प्रत्यक्ष काम करणारा थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, त्यात धरला जातो, आणि डिस्कच्या किंवा अन्य कोणाच्या उत्तरासाठी निश्चल उभा असलेलाही धरला जातो. आमच्या सर्व्हराचा प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ रिकामा होता. थ्रेड खोळंबले होते ते एकाच डिरेक्टरीच्या कुलपासाठी, आणि ते कुलूप वारंवार जात होते अशा एका संगणकाच्या हाती, की ज्याची केबल तुटलेली नव्हती, केवळ सदोष होती. तिच्यातून संदेश जात, काही गळत, गळलेले पुन्हा पाठवले जात, आणि तपासणीचे प्रत्येक साधन तिच्यापुढे ‘चालू’ असाच शेरा मारीत होते. तक्रारी येत होत्या त्या निर्दोष संगणकांकडून. राबणाऱ्याचे ओझे माणसे वाढवून हलके होते. खोळंबलेल्यांच्या रांगेत आणखी माणसे उभी केली तर रांग तेवढी वाढते.

हे सारे त्या गृहस्थांनी मान्य केले, आणि तरीही त्यांचा मुद्दा सोडला नाही: सगळे बंद केले असते तर कुलूप सुटले असते की नाही? सुटले असते खरे. पण लस्टर आपली तपशीलवार टिपणे स्मृतीतील एका मर्यादित जागेत ठेवते, जुनी पुसून त्यांवर नवी लिहिते, आणि यंत्र बंद केले की तो सारा पुरावा एका क्षणात नाहीसा होतो. शिवाय या व्यवस्थेत पुनरारंभ म्हणजे विस्मरण नव्हे: जे फेरफार सर्व्हराने डिस्कवर पक्के झाल्याचे कळवलेले नसते, ते मागणारे संगणक स्वतःपाशी जपून ठेवतात, आणि सर्व्हर उठताच एकदम गर्दी करून पुन्हा रुजू करतात, त्या गर्दीत तो सदोष केबलीचा संगणकही असतोच.

दोष एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे, हे तळोज्याच्या माणसाला तरी पटवून द्यावे लागू नये. २०१७ च्या ऑगस्टात या वसाहतीत अंगावर निळा रंग चढलेली भटकी कुत्री हिंडताना दिसली आणि त्यांची छायाचित्रे देशोदेशी पोहोचली. वसाहतीजवळच्या कासाडी नदीच्या पाण्याविषयी काठच्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे त्याआधीपासूनचे होते, पण पाण्यातील प्राणवायू घटला तर तो डोळ्यांना दिसत नाही. निळे कुत्रे दिसते. आपली समजूत अशी की जेथे लक्षण ठळक, तेथेच रोग. मला आजही त्या मुक्या प्राण्यांपेक्षा त्या मच्छीमारांचे वर्षानुवर्षांचे न ऐकलेले बोलणे अधिक अस्वस्थ करते. ते खोळंबलेले होते, आणि कोणत्याही आकड्यात त्यांची गणना नव्हती.

हा दाखला मी माझ्या बाजूने दिला होता, पण गृहस्थांनी तो शांतपणे उचलून आपल्या बाजूस लावला. “मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने काय केले? रंग पाण्यातून चढला की हवेतल्या भुकटीतून, दोन्ही बोलले जात होते. त्याचा निकाल लागेपर्यंत ते थांबले का? संशयित कारखाना आधी बंद करायला लावला. अहो, रिअॅक्टरचे तापमान चढू लागल्यावर कारण शोधीत जो उभा राहतो, तो कारण सांगायला मागे उरत नाही.”

यावर मी जो जो विचार केला, तो तो मला माझ्या मूळ जागेवरून दूर नेत गेला, कारण उत्तर शोधावयास मी लस्टरकडेच वळलो आणि लस्टर त्यांच्या बाजूने साक्ष देऊ लागली. कुलूप परत मागितल्यावर ठराविक मुदतीत जो ते देत नाही, त्याला ही व्यवस्था बेदखल करते. त्याची केबल सदोष आहे, त्याचा प्रोसेसर गुंतला आहे, की तो केव्हाच मृत झाला आहे, याची चौकशी ती करीत नाही. त्याने लिहिलेला पण अद्याप सर्व्हरापर्यंत न पोहोचलेला मजकूर त्या क्षणी नष्ट होतो, आणि इतरांची वाट मोकळी होते. कारण कळण्याआधी कृती करण्याचा अधिकार तिच्या रचनाकारांनी तिच्या गाभ्यातच ठेवला आहे, आणि तो नसता तर एका मृत यंत्रापायी सबंध समूह अडकून पडला असता.

आमचा अपराधी मात्र या नियमाच्या तावडीतून सुटत राहिला, तो असा की मुदत सरण्याच्या अगदी काठावर तो कुलूप परत करी आणि लगेच फिरून रांगेत उभा राही. त्यात लस्टरची मुदतही अनुभवानुसार बदलणारी असल्यामुळे सर्वत्र मंदपणा पसरू लागताच तीही सैल होत गेली. अखेर केबलीचा दोष सिद्ध होण्याआधीच तो एक संगणक मी समूहातून वेगळा केला. तेव्हा कारण आधी आणि उपाय नंतर, हा जो क्रम मी इतकी वर्षे तत्त्व म्हणून सांगत आलो, तो मला आता तसाच सांगता येणार नाही. माझा आणि त्या गृहस्थांचा वाद उरतो तो किती बंद करावे एवढ्यापुरता: ते सगळे बंद करू पाहतात, मी फक्त अडवणारा.

पण मग अडवणाऱ्याला मुदत किती द्यावी? ती आखूड ठेवली, तर प्रामाणिक पण संथ संगणक बेदखल होतो आणि एखाद्या विद्यार्थिनीने दिवसरात्र चालवलेल्या गणनेचा शेवटचा भाग नाहीसा होतो. लांबवली, तर तिच्यासारख्या इतर सर्वांचे काम खोळंबते. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही केबलीच्या तपासणीतून निघणार नाही, आणि आज ते मी एकटा, बंद खोलीत, कोणास न विचारता देत असतो. ज्यांचा मजकूर नष्ट होणार त्यांचे मत त्यात असावयास हवे. कारखान्यात कोणती झडप कोणी, कोणाच्या परवानगीवाचून बंद करावी, हे भिंतीवर आधीच लिहून ठेवलेले असते. तशी एक तरतूद मी आमच्या नियमावलीसाठी लिहावयास घेतली आहे. बेदखल करण्याआधी सर्व्हरावरील टिपणे उतरवून घ्यावीत हे तिचे पहिले कलम झाले आहे, आणि मुदतीचा आकडा मी तूर्त कोरा ठेवला आहे, कारण तो क्लस्टर वापरणाऱ्यांच्या सभेत ठरावयाचा आहे.