पापाचे वाटेकरी

आपल्याकडील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. तारा येत असत तेव्हां घरचीं माणसें आधीं तार फोडीत. ती आणणाऱ्याकडे लक्ष क्वचितच जाई. अमेरिकेंत लुइस हाइन या छायाचित्रकारानें १९०८ पासून तेथील राष्ट्रीय बालश्रम समितीसाठीं बालमजुरांचीं जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांत तारा पोंचविणारीं मुलेंही आहेत. डोक्यावर टोपी, हातांत कागद. कांहींचें वय जेमतेम दहाबारा वर्षांचें. रात्रीं-अपरात्रीं जुगाराच्या अड्ड्यांवर व वेश्यावस्तींतही त्यांस पाठवीत. तार वेळेवर हातीं पडली कीं घेणाऱ्याचें काम भागे.

हीं छायाचित्रें आम्हांस आठवलीं तीं बारामतीहून इंदापुरास जातांना. निरेच्या डाव्या कालव्यानें १८८५ पासून या अवर्षणी मुलुखास पाणी दिलें. पाण्यामागून ऊंस आला आणि विसाव्या शतकांत साखरेचे कारखाने आले. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात, आणि आईबापांबरोबर मुलेंही येतात. रस्त्यालगतच्या एका फडांत आठनऊ वर्षांची मुलगी वाढ्यांच्या मोळ्या बांधीत होती. धाकटा भाऊ जवळच पाचटावर निजला होता.

या मुलीस कामावर कोणीं ठेवलें? मुकादम म्हणेल, मी नाहीं. कारखाना म्हणेल, ती आमच्या हिशेबांतच नाहीं. दोघांचेंही बोलणें अक्षरशः खरें ठरेल. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. उचल त्या कोयत्यास मिळते आणि मजुरी टनावर ठरते. मुलाचें नांव कोठेंच येत नाहीं. त्याचे हात मात्र कामांत असतात. मुलांचे श्रम गहाण टाकण्याचा करार १९३३ च्या कायद्यानें रद्दबातल ठरविला. येथें मूल कोणी गहाण टाकीत नाहीं. परंतु आईबापांच्या अंगावरची उचल थोडीफार त्याच्याही हातांनीं फिटते. तारवाल्या मुलाचा निदान कोणी मालक तरी होता.

कोणी म्हणेल, मूल आईबापांजवळच आहे; परक्याच्या चाकरीहून हें बरें. या म्हणण्यांत तथ्य आहे. गांवीं सांभाळणारें कोणी नसलें तर त्यास ठेवावें कोठें? म्हणून आईबापांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु त्यांचा दोष नाहीं म्हणजे कोणाचाच नाहीं, असें होत नाहीं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानें दिला आहे. गांवीं हंगामी वसतिगृह काढणें, फडाजवळ साखरशाळा चालविणें, हे उपायही महाराष्ट्रास ठाऊक आहेत. त्यांस पैसा लागतो. दोघांच्या श्रमावर सगळ्या घराचें पोट भरेल असा तोडणीचा दर द्यावयाचा, तर त्यासही लागतो. तो पैसा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न अखेर आमच्या चहाच्या पेल्यापाशीं येतो.

वाल्या कोळ्याच्या घरच्यांनीं त्यानें आणलेलें अन्न खाल्लें आणि पापाचा वाटा नाकारला. ही कथा मुलांस सांगतांना आम्ही नेहमीं नारदाच्या बाजूस उभे राहतों. आमची खरी जागा वाल्याच्या घरांत आहे. साखर किलोमागें दोन रुपयांनीं महागली कीं पहिली कुरकुर आमचीच असते. त्या वेळीं फडांतली ती मुलगी आठवावी, इतकेंच आमचें स्वतःस व वाचकांस सांगणें आहे.