दुसरा अर्थ कोणाचा?

सत्यव्रत टिकावं म्हणून तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात पाच भावना सांगितल्या आहेत. राग सोडायचा, लोभ सोडायचा, भीती सोडायची, थट्टा सोडायची आणि बोलायचं ते विचार करून. स्वाध्यायाला बसलेल्या बाया पहिल्या तीनला लगेच माना डोलावतात. चौथ्याला थबकतात. कुणीतरी विचारतंच, "काय हो, हसायचंही नाही?"

प्रश्न खोटा नाही. खोटं बोलण्याची कारणं मोजायला बसलं की राग, लोभ, भय पटकन आठवतात. पण दिवसभरात आपण सगळ्यात जास्त खोटं बोलतो ते हसवायसाठीच. एकीची गोष्ट दुसरीला सांगताना चार आण्याची बारा आणे करतो, कारण चार आण्याला कुणी हसत नाही. हास्याला नोकषायांत बसवलंय ते उगीच नाही. आणि त्याच अध्यायात पुढे अनर्थदंडव्रताचे अतिचार येतात तेव्हा दोन शब्द शेजारी शेजारी ठेवलेत: कंदर्प, म्हणजे विकारानं भरलेली चावट थट्टा, आणि कौत्कुच्य, म्हणजे तसल्या थट्टेला अंगविक्षेपाची जोड. हे शब्द वाचले की माझ्यापुढे (शास्त्रकारांनी क्षमा करावी) गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि तिची लोंबती नाडी येते. दादा कोंडके.

आपल्या घरांत हे नाव मोठ्यानं घेत नसत. पण बालाघाटाहून गोंदिया रेल्वेनं किती लांब? 1956 साली भंडारा जिल्हा तिकडे गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो, तरी माहेर-सासर, कापडाची खरेदी आणि सिनेमा यांची ये-जा थांबली नाही. दादांचे सिनेमे पाहिलेच नाहीत असं सांगणाऱ्या बायकांनाही त्यांची गाणी पाठ असतात. हे कसं, ते विचारू नये.

कृष्णा कोंडके जन्मले 1932 साली, मुंबईत, नायगावच्या गिरणगावात. आधी बँडपथक, मग राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, आणि 1965 साली वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. हे लोकनाट्य म्हणजे एका अर्थी तमाशाचंच विडंबन. गण, गवळण, वग हा सगळा साज जुना. पण राजा झोपाळू, कोतवाल लाचखाऊ, आणि हवालदार झालेले दादा दोघांची गंमत करणारे. संहिता ठरलेली असली तरी दादा रोज तीत भर घालत. सकाळच्या वर्तमानपत्रात जे आलं ते रात्री रंगमंचावर. पुढारी, मंत्री, खुद्द पंतप्रधान, कुणी सुटत नसे. हजाराच्या वर प्रयोग झाले. हे हसणं वरच्या दिशेला जाणारं होतं. ज्याच्या हातात दंडुका, त्याच्यावर.

मग सिनेमा आला. 'तांबडी माती', आणि 1971 चा 'सोंगाड्या'. पुढचा इतिहास गिनीज बुकात आहे: ओळीनं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येक पंचवीस आठवडे चाललेला. 'पांडू हवालदार'पासून त्यांना संगीत दिलं ते राम-लक्ष्मण या जोडीनं, आणि त्यातले लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, ज्यांना पुढे 'मैंने प्यार किया'मुळे सारा देश ओळखू लागला. दादा 1998 साली गेले. माझं मत विचाराल तर रंगमंचावरून पडद्यावर येताना त्यांच्या थट्टेची दिशा बदलली. राजा-कोतवाल मागे पडले आणि विनोद पुष्कळदा बाईच्या अंगाशी येऊन थांबला. तरीही थिएटरात बायका होत्या, पोट धरून हसत होत्या, हेही खरं. त्यांना अक्कल नव्हती असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, एरवी ज्या गोष्टीचं नावही घ्यायचं नाही ती चारचौघांत हलकी होऊन आली, याचाच त्यांना सुटकारा वाटला असेल.

सेन्सॉर बोर्डाशी दादांचं सतत भांडण. त्यांचं म्हणणं साधं होतं: माझ्या शब्दाचा अर्थ सरळ आहे, वाकडा तुमच्या डोक्यात आला, त्याला मी काय करू?

हा युक्तिवाद हसून सोडण्यासारखा नाही. आपल्याच विचारानं पाहिलं तर शब्द पुद्गल आहे. त्याला स्वतःला लाज नाही, विकार नाही. विकार ऐकणाऱ्याच्या आत उठतो आणि बंधही त्याचाच. मग दादांचं चुकलं कुठे?

किराण्याच्या दुकानात बघा. वजन खरं, तराजू खरा, पण तोलताना दुकानदाराचा अंगठा हळूच पारड्याला टेकलेला. वर तो म्हणतो, "वजनाला मी हात लावलाच नाही." द्वयर्थी बोलण्यात शब्द वजनासारखा असतो, खरा. अंगठा असतो तो शब्दाआधीच्या थांबण्यात, भुवईत, नजरेत. म्हणूनच शास्त्रकारांनी कंदर्पानंतर कौत्कुच्य वेगळं लिहिलं असावं. त्यांना भुवईही माहीत होती.

पण हा न्याय एकट्या दादांना लावून चालणार नाही. आपल्या महिला मंडळात पर्युषणात स्तवनं म्हणतात, ती कोणत्या चालीवर? सिनेमाच्या. शब्द भगवंताचे, चाल नटीच्या नाचाची. म्हणताना मनात नाच येत नाही असं छातीवर हात ठेवून किती जणी सांगतील? इथेही दोन अर्थ आहेत. दादांचा दुसरा अर्थ खाली ओढतो, आपला वर नेऊ पाहतो, पण यंत्र तेच. पुन्हा, चाल उचलायची तर ती आधी मुखोद्गत हवी. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले' लिहिली, 1925 साली. त्यात रविकिरण मंडळाच्या कवींची अशी काही टर उडवली की लोक अजून हसतात. पण त्या कवींची वृत्तं, लकबी, लाडके शब्द अत्र्यांच्या अंगात भिनले होते म्हणूनच ते जमलं. ज्याचा कंटाळा आहे त्याचं विडंबन जमत नाही. नक्कल करणारा ज्याची नक्कल करतो त्याच्या घरात बराच वेळ राहून आलेला असतो.

आणि आपल्या परंपरेत थट्टाच नव्हती असंही नाही. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींचं प्राकृत 'धूर्ताख्यान' आहे. 1944 साली ते छापलं गेलं तेव्हा त्याचा अभ्यास सदलग्याच्या आ. ने. उपाध्यांनी लिहिला. उज्जैनच्या बागेत पावसात अडकलेले पाच ठग एकाहून एक अचाट थापा मारतात आणि पुराणांतले दाखले देऊन त्या खऱ्या ठरवतात. शेवटी जिंकते ती खंडपाना, पाचांतली एकटी बाई. वाचताना मी हसले. पण ज्यांच्या पुराणांवर ती थट्टा आहे त्या शेजारणीला ती वाचून दाखवू का? अजून तरी दाखवलेली नाही.

इथे मला आपल्या स्नेहसंमेलनांबद्दल बोलायचं आहे. लग्नातल्या गारी मी समजू शकते. वरपक्षाला शिव्या पडतात, पण वरपक्षाच्या बायकांनाही पाळी मिळते, उत्तर देता येतं. संमेलनातल्या नकलांचं तसं नसतं. एका घरात नागपूरकडची सून आली होती. तिची हिंदी मराठी वळणाची. "मेरेको भूक लगी करके बोली" असं काही ती बोले, आणि दर वर्षी कुणी ना कुणी पदर डोक्यावर घेऊन तिची नक्कल करी. टाळ्या पडत. सूनही हसत असे. ती हसते म्हणजे तिला लागत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. न हसून ती जाणार होती कुठे? राजाची नक्कल झाली तर राजाला उद्या फर्मान काढता येतं. सुनेला दुसऱ्या दिवशी त्याच बायकांसोबत पापड लाटायचे असतात.

चार वर्षांनी तिनं स्वतःचं नाव यादीत दिलं. पदर घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि सासूची मराठी करून दाखवली: "मला भूक लगली, तू भात बनवली काय?" सभागृह क्षणभर गप्प. मग जो हशा उठला तो आधीच्या कुठल्याही नकलेला मिळाला नव्हता. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मान वर न करता विचारलं, "ते 'बनवली' नाही म्हणत, तर काय म्हणतात?"