पथ्य कोणाचे?

घरातील एखाद्या माणसाला वैद्याने पथ्य सांगितले, की त्या दिवसापासून ते पथ्य कोणाचे होते? ज्याचा आजार त्याचे एकट्याचे, की ज्या घरात तो जेवतो त्या घराचे? वरवर पाहता हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु माणसे एकमेकांशी कशी बांधलेली आहेत, हे ज्या प्रश्नांवरून ओळखावे, त्यांपैकी तो एक आहे. 'पथ्य' हा शब्द संस्कृतातील वाटेच्या शब्दापासून आला आहे. वाटेला धरून असते ते पथ्य. आणि वाट म्हटली की सोबतीचा प्रश्न आलाच.

आम्हां धर्मगुरूंना घरभेटींच्या निमित्ताने पुष्कळ कुटुंबांत जाण्याचा योग येतो. तेथे पथ्य सांभाळण्याच्या दोन रीती आमच्या दृष्टीस पडतात. पहिली रीत वेगळ्या भांड्याची. मधुमेही आजोबांची अळणी भाजी आणि दोन भाकऱ्या सायंकाळी लवकर वाढल्या जातात आणि बाकीचे घर नंतर कोंबडीचा रस्सा घेऊन जेवायला बसते. त्या घरात आजोबांचा दुस्वास कोणी करीत नाही. उलट त्यांच्या गोळ्यांच्या वेळा लहान नातवंडांनाही पाठ असतात. तथापि ज्या ताटांभोवती घरातील गप्पा रंगतात, त्या ताटांत आजोबांचे ताट नसते. दुसरी रीत आग्रहाची. 'एवढ्याने काय होते? एक दिवस चालते हो!' असे म्हणत पथ्याच्या माणसाला सर्वांत बसवायचे आणि सर्वांचेच वाढायचे. पहिल्या रीतीत माणूस सुरक्षित राहतो, पण एकटा पडतो. दुसऱ्या रीतीत त्याला सोबत मिळते, पण तिची किंमत त्याचे शरीर मोजते. या दोहोंपलीकडे तिसरी वाट आहे काय?

तिसऱ्या वाटेचा विचार करू लागताच एक आक्षेप पुढे येतो. एकासाठी सहा जणांनी आपली चव का सोडावी? हा आक्षेप केवळ स्वार्थातून येतो असे म्हणून तो उडवून लावता येणार नाही. त्यात समतेची एक कल्पना आहे. सर्वांना सारखे मिळावे, कोणाचे लाड नकोत आणि कोणावर भार नको, अशी ती कल्पना. परंतु सारखे म्हणजे न्याय्य, हे समीकरण फार जुन्या काळापासून अपुरे ठरले आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मिलो नावाच्या नामांकित मल्लाचे उदाहरण दिले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून कोणी प्रत्येकाला सहा मापे वाढू लागला तर तो सुज्ञ ठरणार नाही. तेवढे अन्न मिलोला अपुरे पडेल आणि आखाड्यात नुकत्याच उतरलेल्या पोराला जड जाईल. मध्यम प्रमाण आकड्यांच्या मध्यावर नसते, ते माणसागणिक बदलते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत हाच विचार प्रत्यक्ष भोजनगृहात आणला आहे. चौतिसाव्या प्रकरणात ते सांगतात, की ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत आणि खंत करू नये. ज्याला अधिक लागते त्याने आपल्या दुर्बलतेमुळे नम्र व्हावे आणि मिळालेल्या सवलतीने फुगू नये. एकोणचाळिसाव्या प्रकरणात ते प्रत्येक मेजावर दोन शिजवलेले पदार्थ ठेवायला सांगतात. कारण अगदी साधे आहे: ज्याला एक खाता येत नाही त्याने दुसऱ्यावर जेवावे. कडक शिस्तीच्या मठात, चतुष्पाद प्राण्यांचे मांस जेथे सर्वांना वर्ज्य, तेथेही अत्यंत अशक्त रुग्णांना त्याची मोकळीक आहे. दुबळ्याची गरज हा नियमाचा अपवाद नसून ती नियमाच्या आतच सामावलेली आहे, ही त्या नियमावलीची थोरवी.

आता पथ्याविषयीचे आपले अज्ञानही थोडे दूर सारायला हवे. गव्हाचे पथ्य हे उदाहरण घेऊ. सिलिॲक नावाच्या विकारात गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले, की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म उंचवटे झिजतात. मूल खात असते आणि तरीही वाळत जाते. विलेम डिके हे डच बालरोगतज्ज्ञ १९३० नंतरच्या दशकापासूनच अशा मुलांच्या आहारातील गव्हावर संशय घेत होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार पसरली आणि पाव दुर्मिळ झाला, तेव्हा हीच मुले सुधारल्याचे दिसले. पाव परत आला तेव्हा ती पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी उत्रेख्त येथे आपल्या प्रबंधात हा संबंध मांडला. या विकारावर आजही मुख्य उपाय एकच: ते प्रथिन आयुष्यभर टाळणे. अशा मुलाच्या बाबतीत 'एवढ्याने काय होते' या प्रश्नाला उत्तर आहे. एवढ्यानेच होते. पावाचा चुरा लागलेल्या पाटीवर कांदा चिरला, मैद्याच्या पुऱ्या तळलेले तेल फोडणीला घेतले, एवढेही त्याला बाधू शकते.

एक घर आपण डोळ्यांसमोर आणू. आजोबांना मधुमेह आणि रक्तदाब, नातवाला गहू वर्ज्य, सुनेला दूध पचत नाही, आणि उरलेल्या तिघांना काहीही चालते. रविवारच्या रात्री या सहा जणांना एका हंडीतून जेवता येईल काय? येईल, आणि त्यासाठी परदेशी डबे आणावे लागणार नाहीत. कोंबडी आणि भात या दोन गोष्टींत मुळात गहूही नाही आणि दूधही नाही. ते दोन्ही आपण मागाहून घालतो.

एक किलो कोंबडीचे तुकडे घ्यावेत. त्यांना एका लिंबाचा रस, अर्धा चमचा हळद आणि मोठा चमचाभर आले-लसणाचे वाटण लावून अर्धा तास ठेवावे. दह्याचे काम येथे लिंबू करते. अर्धा किलो तांदूळ धुऊन भिजत घालावा. जाड बुडाच्या हंडीत तीन मोठे चमचे तेल तापवून त्यात दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा, चार वेलदोडे, दहा-बारा मिरे, दोन तमालपत्रे आणि चमचाभर जिरे टाकावे. मग तीन कांदे उभे चिरून चांगले तांबूस होऊ द्यावेत. या पायरीवर घाई करू नये, कारण कमी मिठाच्या जेवणात चवीचा पाया परतलेला कांदाच घालतो. दोन टोमॅटो, दोन चमचे मिरचीपूड, मोठा चमचाभर धनेपूड आणि मग कोंबडी घालून दहा मिनिटे परतावे. पाव किलो फरसबी आणि गाजर बारीक चिरून त्यात मिसळावे. निथळलेला तांदूळ, साडेतीन वाट्या कढत पाणी आणि एक वाटी नारळाचे घट्ट दूध घालून उकळी आली, की झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे शिजू द्यावे. भात मोकळा झाला आणि हाडाजवळच्या मांसात लाली उरली नाही, की आच बंद करून दहा मिनिटे झाकण उघडू नये.

मीठ सपाट दीड चमचा. म्हणजे सुमारे आठ ग्रॅम. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी सव्वा ग्रॅमहून थोडे अधिक. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या हिशेबात हे जेवण सहज बसते. आजोबांचे ताट वाढताना अर्धा भाग काकडी-कांद्याच्या कोशिंबिरीचा, दह्याऐवजी लिंबू पिळलेला, पाव भाग कोंबडीचा आणि पाव भागच भाताचा ठेवावा. ज्यांना मोकळीक आहे त्यांच्यासाठी दही, लोणचे, पापड आणि तळलेले काजू वेगवेगळ्या वाट्यांत मेजावर असावेत. जे सर्वांना चालते ते हंडीत आणि जे काहींनाच चालते ते वाटीत, असे हे सूत्र. आपण बहुधा नेमके उलटे करतो. बहुसंख्यांची चव हंडीत शिजते आणि एकट्याची गरज वाटीत जाऊन बसते.

मसाल्याच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवे. ईस्ट इंडियन घरांत पावसाळ्यापूर्वी कुटून ठेवला जाणारा बाटली मसाला हे आपले वैभव आहे, परंतु अनेक घरांच्या कृतीत त्यात मिरच्यांबरोबर भाजलेले गहूही पडतात. बाजारच्या डबीतील हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आजवर चालत आलेल्या मसाल्यात गहू आहे हे घरालाच ठाऊक नसते आणि पोर दुखणाईत राहते. म्हणून यंदाच्या कुटणावळीत एक बाटली गव्हाविना भरून ठेवली, तर तीही प्रेमाची कृती ठरेल.

न्यायाची आणखी एक बाजू आहे, जिच्याविषयी आपण क्वचित बोलतो. तीन माणसांची तीन पथ्ये असतात तेव्हा तीन भांडी चढतात, आणि ती तिन्ही बहुतेक घरांत एकच स्त्री चढवते. ती सर्वांत शेवटी, उरलेले जेवते. पथ्य त्या स्त्रीच्या एकटीच्या पाठीवर टाकून आपण रुग्णसेवेचे समाधान मानीत असू, तर ते समाधान खोटे आहे. एका हंडीचा विचार तिच्यासाठीही आहे. घरातील पुरुषांनी कांदा चिरावा, डब्यावरील घटक वाचावेत, एखाद्या रविवारी स्वतःच हंडी चढवावी. पथ्य घराचे झाले याची खूण हीच.

मग आग्रहाचे काय? पाहुण्याला पोटभर वाढणे हा आपल्या मातीचा संस्कार आहे आणि तो सुंदर आहे. परंतु नकाराला संकोच समजणारा आग्रह आणि नकार ऐकून घेणारा आग्रह यांत अंतर आहे. 'त्यात काही नाही हो, खा' असे न तपासता सांगणे म्हणजे असत्य बोलणे होय, ते कितीही मायेने बोललेले असले तरी. इन्सुलिन टोचून आलेल्या पाहुण्याला भाषणे संपेपर्यंत ताटकळत ठेवणे धोक्याचे आहे. त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्याचे ताट आधी वाढावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. संत पौल यांनी रोमकरांना आणि करिंथकरांना लिहिले तेव्हा त्यांच्यापुढील वाद आजाराचा नसून सद्सद्विवेकाचा होता: कोणते अन्न खाणे योग्य, कोणते अयोग्य. तरीही त्यांनी दिलेला निकष येथेही लागू पडतो. मला अमुक खाण्याची मोकळीक आहे, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. माझ्या मोकळिकीने माझ्या भावाचे काय होते, हेही पाहावे लागते. एकत्र जमूनही एक उपाशी आणि एक तृप्त, अशा करिंथकरांच्या भोजनाला प्रभुभोजन म्हणायला त्यांनी नकार दिला.

हा प्रश्न वेदीपर्यंत येऊन पोहोचतो. मिस्साची भाकर गव्हाचीच असावी लागते, मग गहू न सोसणाऱ्या मुलाच्या प्रथम कम्युनियनचे काय? रोममधील श्रद्धासिद्धांतविषयक धर्ममंडळाने जुलै २००३ मध्ये याचा स्पष्ट निर्णय दिला आहे. ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली भाकर ग्राह्य नाही. परंतु भाकर होण्यापुरतेच अल्प ग्लुटेन असलेली भाकर ग्राह्य आहे. आणि ज्याला तीही सोसत नाही, त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रभूचा स्वीकार करता येतो. २०१७ साली ही मार्गदर्शक तत्त्वे पुन्हा कळवण्यात आली. आईवडिलांनी ही अडचण लाजून लपवू नये, आपल्या धर्मगुरूंना आधीच सांगावी. भाकरीचा चुरा न पडलेला वेगळा प्याला त्या मुलासाठी ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे. तो उपकार नव्हे.

एका हंडीने सर्व काही साधेल, असे आमचे म्हणणे नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मांस, टोमॅटो आणि नारळ यांचेही प्रमाण वैद्याला विचारूनच ठरवावे लागते, आणि रक्तदाबासाठी मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ त्याला घातक ठरू शकते. तेथे संत बेनेडिक्ट यांचा दुसरा पदार्थ कामी यावा. पदार्थ वेगळा असला तरी मेज तेच असावे, वेळ तीच असावी. वाढत्या मुलांवर आजोबांचे पथ्य लादू नये, तसेच आजोबांच्या प्रत्येक घासावर पहाराही ठेवू नये. पथ्य त्यांच्या सोबतीसाठी आहे, त्यांच्यावर सत्ता गाजवण्यासाठी नव्हे.

तेव्हा पथ्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ: आजार एकाचा असतो, तो दुसऱ्याला वाटून घेता येत नाही, पथ्य मात्र वाटून घेता येते. येत्या रविवारी हंडी चढवण्यापूर्वी आपल्या घरात कोणाला काय चालत नाही, हे एकदा विचारावे. आणि त्या माणसापासून स्वयंपाकाला सुरुवात करावी.